परक्या देवळाची पायरी

प्रवासाची तयारी म्हणजे आपले घर जमेल तितके बरोबर नेणे, अशी आपल्यापैकी पुष्कळांची समजूत असते. मेतकुटाची बरणी, दशम्यांचे पुडके, भाजणी, लोणच्याची बाटली, आणि आम्हां माळव्यातल्या मराठी माणसांची शेव. कोकणी घर असेल तर आमसुले आणि खोबऱ्याच्या वड्याही. जुन्या काळी ही बांधाबांध केवळ जिभेसाठी होत नसे. समुद्रगमनाची गणना कलिवर्ज्यांत होत असल्यामुळे, जाणे अटळच झाले तर आपले शुचित्व कसे राखावे, हा घोर प्रश्न असे. जयपूरचे महाराज दुसरे सवाई माधोसिंह १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी विलायतेस निघाले, तेव्हा गंगाजलाने भरलेले चांदीचे प्रचंड रांजण त्यांनी आगबोटीवर चढविले. एकेका रांजणात चार हजार लिटरांहून अधिक पाणी मावते. जयपूरच्या राजवाड्यात ते अद्याप पाहावयास मिळतात. महाराजांच्या निष्ठेपुढे मान लवते. तथापि त्या रांजणांकडे पाहताना एक विचार मनात आल्यावाचून राहत नाही. आपल्या तयारीत आपणच असतो. ज्याच्या दारी जावयाचे, त्याला आपल्याकडून काय हवे असेल, याचा विचार त्या सामानात क्वचितच बांधलेला असतो.

गेले दोन महिने आमच्या घरी अशीच तयारी चालली आहे. बंगळूरला असणाऱ्या मुलीने आणि जावयांनी आम्हां तिघांना, म्हणजे माझी शहात्तर वर्षांची आई, पत्नी आणि मी यांना, ज्येष्ठात नऊ दिवस बालीला न्यावयाचे ठरविले आहे. आपल्याकडे पावसाची वाट पाहावी लागते त्या दिवसांत तिकडे कोरडा आणि आल्हाददायक ऋतू असतो. उज्जैनला प्रवासी विमानतळ नाही. पंचावन्न किलोमीटरांवर इंदूर, तेथून बंगळूर, आणि तेथून समुद्र ओलांडून बालीची राजधानी देनपासार, असा मार्ग आहे. पारपत्राची मुदत निदान सहा महिने शिल्लक असावी लागते. तेथे उतरल्यावर मिळणाऱ्या तीस दिवसांच्या प्रवेशपरवान्याला पाच लाख, आणि १४ फेब्रुवारी २०२४ पासून तेथील संस्कृतीच्या व निसर्गाच्या रक्षणासाठी घेतल्या जाणाऱ्या करापोटी आणखी दीड लाख मोजावे लागतात. हे आकडे ऐकून आईने हातातली जपमाळ खाली ठेवली. ते लाख तिकडच्या रुपियाचे असून पाच लाख रुपिया म्हणजे आपले जेमतेम तीन हजार रुपये, हे समजावून सांगेपर्यंत तिच्या जिवात जीव नव्हता.

कागदपत्रांचे काम संपले आणि खऱ्या तयारीला आरंभ झाला तो आईच्या एका प्रश्नाने. ती म्हणाली, “अरे, तिथे घरोघरी देवळं आहेत म्हणतोस. मग आपण यात्रेला चाललोय की सहलीला? ते एकदा ठरवा, म्हणजे मला माझं सामान काढता येईल.”

प्रश्न साधा होता, उत्तर मात्र साधे नव्हते. ते मी प्रथम आमच्याच गावात शोधले, आणि शोधू लागताच बाली मला वाटली होती तितकी परकी राहिली नाही. उज्जैनच्या उत्तरेस सुमारे तीस किलोमीटरांवरील डोंगला गावाजवळून कर्कवृत्त जाते. म्हणजे भूगोलाच्या हिशेबाने आम्ही उष्ण कटिबंधाच्या उत्तरेकडील उंबरठ्यावर बसलेली माणसे. बाली त्याच कटिबंधात, विषुववृत्ताच्या पलीकडे आठ अंशांवर. सूर्यसिद्धान्ताने ज्या रेषेपासून देशोदेशींच्या वेळा मोजल्या ती मध्यरेषा आमच्या गावावरून जाते. तीवरून हिशेब केला तर बालीचा सूर्य आमच्या सूर्याच्या सुमारे साडेसहा घटका आधी उगवतो. ज्येष्ठाच्या दुपारी उज्जैनमध्ये माणसाची सावली पायाखाली जवळजवळ नाहीशी होते. तेथे ती त्याच दिवसांत दक्षिणेकडे पडलेली दिसेल.

काळाचा धागा तर अधिकच जवळचा निघाला. माळव्यात चहूकडे विक्रम संवत् चालतो, आणि विक्रमाच्या या नगरीत राहूनही आम्ही मराठी माणसे पंचांगावर शालिवाहन शक मोजतो, याची येथे कधी कधी थट्टा होते. बालीचे हिंदू वर्ष मोजतात ते शकातच. त्यांचे नववर्ष, न्येपी, वसंतातील अमावास्येनंतरच्या दिवशी येते. दोघांच्या अधिक मासांची व्यवस्था निराळी असल्यामुळे तो दिवस दर वर्षी जुळत नाही. परंतु २०२३ साली आमचा गुढीपाडवा आणि त्यांची न्येपी एकाच दिवशी, २२ मार्चला होती. दोन्हीकडे शक १९४५ सुरू झाले. आम्ही गुढ्या उभारून गोडधोड केले. त्यांनी चोवीस तास दिवा लावला नाही, चूल पेटविली नाही, घराबाहेर पाऊल टाकले नाही, करमणूक केली नाही. विमानतळसुद्धा बंद ठेवला. या शकाचा शिलालेखांतून माग काढीत जाणारे इतिहासकार येऊन पोहोचतात ते चष्टन क्षत्रपाच्या घराण्यापाशी, आणि त्या घराण्याची राजधानी उज्जैनच होती.

कालिदासाच्या रघुवंशातला सहावा सर्ग आम्हां उज्जैनकरांना विशेष प्रिय. इंदुमतीच्या स्वयंवरात अवंतीच्या राजाची ओळख करून देताना कवीने महाकालाच्या निवासाचा उल्लेख केला आहे तो तेथेच. त्याच सर्गात पुढे कलिंगाच्या राजाचे वर्णन येते, आणि त्यात द्वीपांतराहून वाऱ्याबरोबर येणाऱ्या लवंगेच्या फुलांचा सुगंध आहे. लवंगेचे मूळ स्थान आजच्या इंडोनेशियातील मालुकू बेटे. महाकाल आणि ती दूरची बेटे एकाच सर्गात नांदतात, हे वाचताना आजवर माझ्या ध्यानात कोणी आणून दिले नव्हते. त्या प्रवासाच्या निमित्ताने ते आले, ही तयारीची पहिली कमाई. दुसरी कमाई बडोद्याची. बालीतील पुरोहितांच्या मुखी असलेली संस्कृत स्तोत्रे सिल्व्हाँ लेव्ही या फ्रेंच पंडिताने संपादिली, आणि ती १९३३ साली प्रसिद्ध झाली ती गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत, म्हणजे एका मराठी राज्याच्या खर्चाने.

हे सर्व आईला सांगितले तेव्हा तिचा चेहरा फुलला. “म्हणजे ते आपलेच की!” ती म्हणाली. तिच्या आनंदात मी सहभागी झालो खरा. परंतु ‘आपलेच’ या शब्दापाशी मन थोडे अडखळले. दूरचा आप्त भेटला की आनंद होतो, आणि मागोमाग त्याच्या घरातल्या चुका काढण्याचा अधिकारही आपल्याला प्राप्त झाला असे वाटू लागते. बालीच्या लोकांनी शकगणना घेतली, रामायण घेतले, जलाला ते ‘तीर्थ’च म्हणतात, तीर्थ सिद्ध करताना त्यांचे पुरोहित गंगा, सिंधू, सरस्वती, यमुना यांची नावे घेतात. परंतु शेकडो वर्षे हे सारे त्यांनी आपल्या डोंगरांच्या, भातशेतीच्या आणि पितरांच्या साक्षीने जगविले आहे. त्यांच्या देवळांतील मुख्य स्थान पुष्कळदा रिकामे आसन असते. त्याला पद्मासन म्हणतात. त्यांच्या मोठ्या उत्सवाचे, गालुंगनचे, आवर्तन दोनशे दहा दिवसांचे असते. आणि तेथील हिंदू डुकराचे मांस खातात, काही नैवेद्यांतही ते असते. हे शेवटचे वाक्य ऐकून आई काही वेळ गप्प राहिली.

त्या वेळी पत्नीने जे सांगितले ते मला फार मोलाचे वाटते. ती म्हणाली, “आई, आपल्या काळभैरवाला मद्याचा नैवेद्य होतो. बाहेरगावचे पाहुणे ते बघून नाक मुरडतात तेव्हा तुम्हीच त्यांना सांगता ना, की त्याचं त्याला चालतं, तुम्ही हात जोडा?” आईला हसू आले. प्रश्न तेथेच मिटला. दुसऱ्याच्या देवघरात गेल्यावर आश्चर्य जरूर करावे, निवाडा करू नये, हे आम्हां उज्जैनकरांना वेगळे शिकण्याचे कारण नाही. ते आमच्याच गावात आम्ही दुसऱ्यांकडून रोज अपेक्षीत असतो.

किंबहुना हाच या तयारीचा खरा पाठ ठरला. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या यजमान आहोत. अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांच्या कारकिर्दीत महाकालाचे देऊळ पुन्हा उभे राहिले. ते काम त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखठणकर या सारस्वत गृहस्थाने करविले, हे या मासिकाच्या वाचकांना सांगताना कोणासही अभिमान वाटेल. तेव्हापासून येथे येणाऱ्यांचा ओघ आम्ही पाहत आलो. ११ ऑक्टोबर २०२२ रोजी महाकाल लोकाचे उद्घाटन झाल्यापासून त्या ओघाचा पूर झाला आहे. त्याच वर्षीच्या डिसेंबरात मंदिरात मोबाइल नेण्यास मनाई करावी लागली. ती का करावी लागली, हे ज्याने भस्मारतीच्या वेळी देवाकडे पाठ करून स्वतःची छबी टिपणारी माणसे पाहिली असतील त्याला सांगावयास नको. रामघाटावर संध्याकाळच्या आरतीला आलेला एक पाहुणा पायरीवर बसून ओंजळीने पाणी डोक्याला लावतो, आणि दुसरा त्याच पायरीवर चपलेने उभा राहून तोंडाने वाऱ्यावर गप्पा सोडीत असतो. दोघांनीही गावाला पैसे सारखेच दिलेले असतात. तरी रात्री घरी गेल्यावर आम्हांला आठवतो तो पहिला.

पत्नीचे माहेर गोव्यातले, फोंडा तालुक्यातले. पोर्तुगीज अमलात, सोळाव्या शतकात, ज्या देवतांना आपली मूळ गावे सोडून नदीपलीकडे आश्रय घ्यावा लागला, त्यांच्या छायेत ती वाढली. तिला समुद्रकिनाऱ्यावरून थेट देवळात, अंगावरच्या तोकड्या कपड्यांनिशी येणारे पाहुणे लहानपणापासून माहीत आहेत. ती सांगते की त्या पाहुण्यांत वाईट हेतूचा माणूस जवळजवळ नसेच. येथे कोणी राहते, आणि देव हे त्यांच्या घरातले वडील माणूस आहे, एवढेच त्यांना कोणी सांगितलेले नसे.

बालीची लोकसंख्या सुमारे त्रेचाळीस लाख. तीतील शंभरांपैकी सत्याऐंशी माणसे हिंदू. आणि २०२४ या एका वर्षात तेथे परदेशांतून आलेले पाहुणे सुमारे त्रेसष्ट लाख! आम्ही सिंहस्थात बारा वर्षांनी एकदा जो अनुभव घेतो, तो त्यांच्या दारी बारमास आहे. पवित्र वृक्षांवर आणि पर्वतांवर विवस्त्र होऊन छायाचित्रे काढणाऱ्या परदेशीयांना त्यांनी देशाबाहेर पाठविल्याच्या वार्ता आल्या आहेत. मार्च २०२५ मध्ये बालीच्या राज्यपालांनी पाहुण्यांसाठी नवे परिपत्रक काढले. देवळाच्या सर्वांत आतील प्रांगणात केवळ पाहण्यासाठी येणाऱ्याने जाऊ नये. पूजेसाठी जावयाचे तर तेथील रीतीचा पोशाख करून जावे, असे त्यात सांगितले आहे.

तेव्हा आम्ही आमची यादी पुन्हा लिहिली. पहिल्या यादीत आम्हांला काय लागेल ते होते, दुसरीत त्यांना काय चालेल ते. कमरेभोवती गुंडाळण्याचे वस्त्र आणि त्यावर बांधण्याचा शेला स्त्रीपुरुष दोघांनाही आवश्यक; पत्नीने दोन सुती साड्या फाडून ती चौघांपुरती शिवून ठेवली. रस्त्यावर, दुकानापुढे, पुलावर, जेथे तेथे नारळीच्या पानांच्या चिमुकल्या टोपल्यांत फुले, तांदूळ आणि उदबत्ती ठेवलेली असते. त्यांना ‘चनांग सारी’ म्हणतात. त्या ओलांडावयाच्या नाहीत, पाय लागू द्यावयाचा नाही. कोणाच्या, विशेषतः मुलांच्या, डोक्याला हात लावावयाचा नाही. कोणी पूजेला बसले असेल तर त्याच्यापुढून जावयाचे नाही. नमस्कार करताना ‘ॐ स्वस्त्यस्तु’ म्हणावयाचे, आणि आभार मानताना ‘सुक्स्म’. हे शब्द मुलीने दूरध्वनीवरून आईकडून घोकून घेतले. पहिला शब्द तिला शिकावाच लागला नाही. दुसरा ती ‘सूक्ष्म’ असा म्हणते, आणि मला वाटते आभार मानण्यासाठी तो तसाही वाईट नाही.

आईच्या सामानात क्षिप्रेच्या पाण्याची एक लहान तांब्याची लोटी आहे. २०१४ पासून क्षिप्रेत नर्मदेचे पाणीही सोडले जाते, त्यामुळे लोटीत नद्या दोन आहेत, असे ती म्हणते. ते पाणी तेथे देवावर घालावे अशी तिची प्रथम इच्छा होती. आता तिने ठरविले आहे की पुरोहिताला विचारावयाचे. त्यांनी हवे म्हटले तर द्यावयाचे, नको म्हटले तर स्वतःच्या डोळ्यांना लावून परत आणावयाचे. माधोसिंहांच्या रांजणांपुढे ही लोटी काय! परंतु त्या लोटीबरोबर एक प्रश्नही चालला आहे, आणि तो रांजणांबरोबर नव्हता.

हे सर्व सुरळीत चालले असताना गेल्या आठवड्यात नागपूरहून दूरध्वनी आला. माझे चुलत काका, आईचे थोरले चुलत दीर, वारले. त्र्याण्णव वर्षांचे कृतार्थ आयुष्य होते, तरी घर उदास झाले. आम्ही सगोत्र, म्हणून दहा दिवसांचे सुतक आले. आमचे निघणे पाचव्या दिवशी. गुरुजींना विचारले. त्यांनी सांगितले की प्रवासाला अडथळा नाही, देवदर्शन मात्र शुद्धीनंतर. नागपूरच्या बंधूंनीही, बाबांना तुमच्या जाण्याचे कौतुक होते, तेव्हा बेत मोडू नका, असे आग्रहाने कळविले.

अडचण निराळीच होती. प्रवासाच्या कार्यक्रमात दुसऱ्याच दिवशी आगुंग पर्वताच्या उतारावरील बेसाकीह, बालीतले सर्वश्रेष्ठ देवस्थान, आणि तिसऱ्या दिवशी तंपकसिरिंगचे तीर्थ एंपुल, जेथे हजारांहून अधिक वर्षे झऱ्याच्या धारांखाली स्नान चालत आले आहे, अशी योजना होती. गाडी, वाटाड्या, निवास, सारे ठरलेले. जावई अत्यंत सौम्यपणे म्हणाले, “आजी, सुतक आपल्या देवळांपुरतं. तिथे आपल्याला कोण ओळखतं? कोणी विचारणारसुद्धा नाही.” त्यांचा हेतू केवळ म्हातारीचे पाय वाचावेत हा होता. फेरबदल केला तर दोन दिवस उलटसुलट हिंडावे लागणार होते.

मी पाहिले होते की बालीच्या हिंदूंतही हा नियम आहे. घरात मृत्यू घडला असता येणाऱ्या अशौचाला ते ‘चुंतक’ म्हणतात, आणि त्या काळात देवळाची पायरी चढत नाहीत. ते मी सांगितले. आईने एकदाच विचारले, “म्हणजे त्यांच्यातही हेच?” मी होय म्हटले. मग ती जावयांकडे वळली. “विचारणारं कुणी नाही म्हणता ना? मग तर पाळायलाच हवं. महाकालाला मी या दिवसांत गेले असते का? नाही. मग त्यांच्या देवाला, त्यांना न कळवता, कशी शिवू? आपल्या घरी पाहुणा असं वागला तर आपल्याला कळणार नाही, हे खरं. पण त्याला तर ठाऊक असेल.”

यापुढे बोलण्यासारखे काही उरले नाही. मुलीने रात्री बसून सारा कार्यक्रम उलटा केला. पहिले सहा दिवस समुद्र, जातिलुविहची पायऱ्यापायऱ्यांची भातशेते, बाजार आणि विश्रांती. भातशेतांचे पाणी तेथे देवळांच्या सभोवती जमणाऱ्या शेतकऱ्यांच्या ‘सुबक’ नावाच्या मंडळांतून वाटले जाते, आणि त्या पद्धतीला २०१२ साली जागतिक वारशाचा मान मिळाला आहे. ती शेते बांधावरून पाहावयाची. सातव्या दिवशी, म्हणजे सुतकाच्या अकराव्या दिवशी, स्नान करून तीर्थ एंपुल, आणि आठव्या दिवशी बेसाकीह. वाटेत जी देवळे लागतील, आणि बालीत ती पावलोपावली लागतात, त्यांना दुभंगलेल्या कमानीच्या बाहेरूनच हात जोडावयाचे. वाटाड्याला आगाऊ कळविले. त्याचे उत्तर दोन ओळींचे आले: अशा पाहुण्यांना आम्ही पूजेच्या वेळी घेऊन जाऊ, आजींसाठी खुर्चीची सोय करतो.

यात्रा की सहल, या आईच्या प्रश्नाला आमच्यापैकी कोणीच तोंडाने उत्तर दिले नाही. तिने ते आपल्या पिशवीने दिले आहे. पिशवीत मेतकूट आहे, शेव आहे, औषधे आहेत. सर्वांत वर, हाताशी यावे असे, घडी करून ठेवलेले ते कमरेचे वस्त्र आणि पिवळा शेला आहे. त्याच्याखाली, कागदात गुंडाळलेल्या लोटीवर, तिने आपल्या थरथरत्या अक्षरांत एक चिठी चिकटविली आहे: ‘अकराव्या दिवसानंतर. आधी विचारणे.’